मुन्नारचा मळा कसा चालतो, आणि गाव चहात का अडकलंय

मुन्नारचं म्हणून हॉटेल बुक करावं आणि पोहोचल्यावर कळावं की ते आनच्चालला किंवा चिन्नकनालला आहे, गावापासून पंधरा-वीस किलोमीटर लांब. हा प्रकार बहुतेकांच्या वाट्याला येतो. हॉटेलवाल्यानं गंडवलं असं वाटतं, पण खरी अडचण अशी की मुन्नार गावाला पसरायला जागाच नाही. मुथिरपुळा, नल्लतण्णी आणि कुंडळा या तीन नद्या जिथे एकत्र येतात, त्या सुमारे पंधराशे मीटर उंचीवरच्या चिंचोळ्या खोलगट भागात बाजार, बसस्थानक, देऊळ, चर्च, मशीद सगळं दाटीवाटीनं बसलेलं आहे. बाजार संपला की चहा सुरू. ती चहाची जमीन विकत मिळत नाही आणि तिच्यावर बांधकामही करता येत नाही.

मुन्नार समजून घ्यायचं तर आधी ही जमिनीची भानगड समजून घ्यावी लागते. वाहतूक कोंडी, दूरवरची रिसॉर्टं, पावसाळ्यात खचणारे उतार, निलगिरीची झाडं, कामगारांच्या चाळी, या सगळ्याचं मूळ तिथे आहे.

एका पट्ट्यावरचा डोंगर

१८७७ साली जॉन डॅनियल मन्रो यानं पूंजारच्या राजघराण्याकडून कण्णन देवन डोंगर पट्ट्यानं, म्हणजे भाडेकरारानं, घेतले. क्षेत्र सुमारे १ लाख ३७ हजार एकर. सुरुवातीला तिथे कॉफी, सिंकोना, सिसल असं बरंच काही लावून पाहिलं गेलं. चहाची पहिली लागवड ए. एच. शार्प यानं १८८० मध्ये पार्वती इस्टेटमध्ये केली. पुढे फिन्ले कंपनी आली, १८९७ मध्ये कण्णन देवन हिल्स प्रोड्यूस कंपनी उभी राहिली, आणि जंगल व गवताळ माळ मोडून डोंगरच्या डोंगर चहाखाली आले. १९६४ मध्ये टाटांनी फिन्लेशी भागीदारी केली, १९८३ पासून सगळा कारभार टाटा टीकडे गेला. २००५ मध्ये टाटांनी मळे सोडले तेव्हा ते चालवायला कण्णन देवन हिल्स प्लांटेशन्स, म्हणजे केडीएचपी, ही नवी कंपनी निघाली. तिचे बहुतांश शेअर कामगार-कर्मचाऱ्यांकडे आहेत. दुकानात दिसणारा ‘कण्णन देवन’ हा ब्रँड मात्र टाटांकडेच राहिला. मळा एकाचा आणि पुडा दुसऱ्याचा, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

मधल्या काळात दोन कायदे आले. केरळच्या जमीन सुधारणा कायद्यानं कुणी किती जमीन बाळगावी याला कमाल मर्यादा घातली, पण चहा, कॉफी, रबर, वेलचीच्या मळ्यांना त्यातून सूट दिली. सूट मळ्याला आहे, मालकाला नाही. मळा मोडला की सूटही जाते. दुसरा कायदा १९७१ चा, फक्त कण्णन देवन डोंगरांसाठी केलेला. त्यानं हे सगळे डोंगर सरकारजमा झाले. नंतर चहासाठी आणि चहाला पूरक कामांसाठी लागते म्हणून सुमारे ५७ हजार एकर जमीन कंपनीला परत मिळाली. पूरक कामं म्हणजे कारखाने, कामगारांची घरं, जळणाची झाडं. उरलेल्यातला मोठा भाग जंगल म्हणून राहिला. आज एराविकुलम राष्ट्रीय उद्यान आहे तो ९७ चौरस किलोमीटरचा गवताळ पठाराचा पट्टा त्यातलाच. एकेकाळी ते मळेवाल्या साहेबांचं शिकारीचं राखीव रान होतं.

चहाला भाव नसेल तर मळा उपटून हॉटेलं बांधावीत, हा सरळ वाटणारा हिशेब म्हणूनच मुन्नारला लागू होत नाही. पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन मळ्याच्या पाच टक्क्यांपर्यंत जमीन पर्यटनासारख्या इतर कामांना वापरायची मुभा मिळाली, पण तेवढीच. गावाला लागून सगळं बंद असल्यामुळे हॉटेलांचा लोंढा पळ्ळिवासल, चित्तिरापुरम, आनच्चाल, चिन्नकनालकडे सरकला. तिथल्या पुष्कळ जमिनी शेती आणि राहत्या घरासाठी म्हणून दिलेल्या. त्यांच्यावर पाच-सहा मजली इमारती उभ्या राहिल्या तेव्हा तंटे होणारच होते. २००७ मध्ये राज्य सरकारनं बुलडोझर लावून अनेक बांधकामं पाडली, पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि आता या भागात बांधकामाला महसूल खात्याचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं.

पर्यटकानं यातून घ्यायचं ते एवढंच: ‘मुन्नार’ या नावावर जाऊ नका, नकाशावर ठिकाण बघा. पावसाळ्यात जाणार असाल तर उभा डोंगर कापून त्याच्या पायथ्याशी किंवा अगदी कड्यावर बांधलेली जागा टाळा, फोटो कितीही देखणे असोत.

हिरवा गालिचा म्हणजे छाटलेलं झाड

चहाचं झाड मोकळं सोडलं तर सहज दोन-तीन माणसं उंच होतं, आसामी जात तर त्याहून कितीतरी उंच जाते. मळ्यात त्याला कमरेच्या आसपास दाबून ठेवतात, कारण खुडणाऱ्या बाईचा हात तिथे पोहोचतो. वरची सपाट बाजू म्हणजे ‘टेबल’. टेबलाच्या वर आलेले नवे कोंब खुडायचे आणि खाली जुनी गर्द पानं राखायची. ही खालची पानंच झाडासाठी अन्न तयार करतात, ती ओरबाडली की पुढचे कोंब बारीक येतात. फोटोत कासवाच्या पाठीसारखी जी नक्षी दिसते, त्यातल्या रेषा म्हणजे खुडणीला जायच्या वाटा. त्या मुद्दाम राखलेल्या असतात. फोटोसाठी झुडपांमधून घुसलात तर टेबलाच्या फांद्या मोडतात.

खुडायचं काय? दोन पानं आणि एक कळी, हे सगळ्यांना पाठ असतं. प्रत्यक्षात तीन पानंही चालतात. खरा मुद्दा पान कोवळं असण्याचा. हवामानानुसार सात ते चौदा दिवसांनी त्याच झुडपावर परत फेरा येतो. फेरा लांबला तर कोंब जून होतो, देठ लाकडी होतं आणि पुढे चहात तंतू निघतात. शिवाय कळी न धरता थांबलेले वांझ कोंबही असतात, ज्यांना मळ्यात ‘बांजी’ म्हणतात. तेही काढावे लागतात, नाहीतर टेबल अडून राहतं.

हल्ली हातानं खुडण्यापेक्षा खाली पेटी लावलेली कात्री जास्त दिसते. मजूर मिळत नाहीत, आणि कात्रीनं एका बाईचा दिवसाचा माल दुपटीच्या पुढे जातो. पण कात्रीला कोवळं-जून कळत नाही. जून पान आणि देठं बरोबर येतात, म्हणून जाणता मळेवाला कात्री आणि हात आलटूनपालटून वापरतो.

चार ते सहा वर्षांनी झाडाची मोठी छाटणी होते. उंची जितकी जास्त तितकी झाडाची वाढ संथ, त्यामुळे दोन छाटण्यांमधलं अंतरही जास्त. छाटल्यावर पूर्ण उतार काटक्या रोवल्यासारखा करडा दिसतो आणि ‘मळा जळला वाटतं’ म्हणून पर्यटक हळहळतात. जळलेलं काही नसतं, दोन-तीन महिन्यांत फूट येते. मात्र छाटणीत झाड मरूही शकतं. पानं नसताना नवी फूट मुळांत साठवलेल्या पिठूळ द्रव्यावर येते, आणि तो साठा कमी असेल तर झाड उठत नाही. म्हणून आधी पेन्सिलएवढ्या जाडीची मुळं कापून त्यावर आयोडीन लावून बघतात. काप गर्द निळा-काळा झाला तर साठा भरपूर. फिकट राहिला तर खुडणी थांबवून झाडाला काही आठवडे विसावा द्यायचा, मगच कोयता लावायचा.

मधूनमधून उभी असलेली उंच, खालून पांढुरकी दिसणाऱ्या पानांची झाडं सिल्व्हर ओकची, सावलीसाठी. पावसाळ्यापूर्वी त्यांच्या फांद्या उतरवतात, आणि त्यामागे चहावरचा फोड्या करपा आहे. ही बुरशी फक्त कोवळ्या पानावर येते, म्हणजे नेमकी जे खुडायचं त्यावरच. पान काही तास ओलं राहिलं की ती रुजते. ऊन खाली पोहोचावं, पान लवकर सुकावं म्हणून सावली हलकी करायची, आणि तरीही जुलै-ऑगस्टमध्ये तांबेयुक्त बुरशीनाशकाच्या फवारण्या थांबत नाहीत. उन्हाळ्यात उलटा त्रास: कोरड्या हवेत लाल कोळी वाढतो आणि पानं तांबूस पडतात, अशा वेळी सावलीच झाडाला तारते.

जानेवारीत मुन्नारच्या परिसरात पारा शून्याच्या आसपास, कधी खालीही उतरतो. दव गोठल्याच्या बातम्या आल्या की पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते आणि मळ्यात मात्र कपाळाला हात. थंड हवा जड, ती उतारावरून घरंगळत खोलगट भागात साचते, त्यामुळे ओढ्याकाठचा सपाट चहा आधी करपतो आणि वरचा उतार बचावतो. गोठलेल्या पानावर सकाळचं कडक ऊन पडलं की ते तपकिरी होतं, आणि ते क्षेत्र काही आठवडे खुडणीतून बाद.

खुडल्यापासून पुड्यापर्यंत

हिरव्या पानात पाऊण भागाहून जास्त पाणी असतं. म्हणून साधारण साडेचार किलो हिरव्या पानांतून एक किलो चहा निघतो. कारखान्यातली अर्धीअधिक मेहनत हे पाणी योग्य वेळी, योग्य वेगानं घालवण्याची.

बिघडायला सुरुवात मळ्यातच होते. खुडलेलं पान जिवंत असतं, श्वास घेतं आणि उष्णता सोडतं. पोत्यात दाबून भरलं आणि उन्हात ठेवलं तर दोन-तीन तासांत मधला भाग हात घातल्यावर गरम लागतो आणि पानं लालसर होतात. तसं पान कारखान्यात काहीही केलं तरी सुधारत नाही, त्याचा चहा फिका आणि मेलेला लागतो. म्हणून दिवसातून दोन-तीनदा वजन करून माल लगेच हलवतात.

कारखान्यात आधी विदरिंग, म्हणजे पान कोमेजवणं. जाळीच्या लांबलचक हौदांवर पानं पसरून खालून पंख्यानं हवा सोडतात, बारा ते अठरा तास. सीटीसी (क्रश, टीअर, कर्ल), म्हणजे दाणेदार चहासाठी पानात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी राहू देतात. ऑर्थोडॉक्स, म्हणजे वळलेल्या लांब पानाच्या चहासाठी आणखी सुकवून पंचावन्न-साठ टक्क्यांवर आणतात. कमी कोमेजलं तर यंत्रातून लगदा निघतो, जास्त कोमेजलं तर पानाचा चुरा होतो. पावसाळ्यात पान ओलं येतं, हवाही दमट असते, मग गरम हवा मिसळावी लागते, जळण वाढतं आणि चव तरीही खालीच राहते.

मग सीटीसी यंत्र: दातेरी पोलादी रूळांची जोडी, एकमेकांविरुद्ध फिरणारी, एक रूळ दुसऱ्याच्या साधारण दहापट वेगानं. पान त्यात चिरडतं, फाटतं आणि त्याची गोळी वळते. अशी तीन-चार यंत्रं ओळीनं असतात. दाते बोथट झाले की पान कापलं न जाता नुसतं दाबलं जातं आणि चहा पातळ रंगाचा होतो, त्यामुळे रूळांना धार लावणं हे कारखान्यातलं न टळणारं काम. बहुतेक घरांत दूध घालून उकळला जातो तो दाणेदार चहा इथून येतो.

फाटलेल्या पानाचा रस हवेशी भिडला की रंग हिरव्याचा तांबूस होऊ लागतो. याला कारखान्यात ‘फर्मेंटेशन’ म्हणतात, पण त्यात आंबवणं काही नाही, कापलेलं सफरचंद काळं पडतं तीच ही क्रिया. सीटीसीला पाऊण तास ते दीड तास लागतो. कमी झालं तर चहा हिरवट आणि तुरट, जास्त झालं तर रंग गडद पण चवीला सपाट. घड्याळ असतंच, तरी जुना माणूस मूठभर माल उचलून वास घेतो आणि ठरवतो.

पुढे ड्रायर. शंभर अंशांच्या मागेपुढे तापलेली हवा सोडून पाणी तीन टक्क्यांपर्यंत खाली आणायचं. आच फार तेज झाली तर दाण्याची बाहेरची साल कडक होते आणि आत ओल राहते, असा चहा पुढे पोत्यात बुरसतो. आच कमी पडली तर फर्मेंटेशन थांबतच नाही. ही हवा तापवायला लाकूड लागतं, किलोभर चहामागे किलोहून जास्तच. मुन्नारच्या आसपास चहाच्या मधोमध निलगिरीची गर्द रांगेतली झाडी दिसते ती याच जळणासाठी लावलेली. निसर्ग म्हणून तिचे फोटो काढले जातात ते ठीक, पण ती चुलीची सोय आहे.

शेवटी चाळणी आणि प्रतवारी. तंतू काढायला घासून विद्युतभारित केलेले रूळ वापरतात: हलके तंतू त्यांना चिकटतात, दाणे पुढे जातात. मोठे दाणे, बारीक दाणे आणि डस्ट असे ढीग पडतात. डस्ट म्हणजे कचरा असा समज आहे, तो चुकीचा. ती फक्त आकाराची प्रत आहे, आणि दक्षिणेत तर कडक, झटपट उतरतो म्हणून डस्टलाच मागणी जास्त. कोचीच्या लिलावात तिचाच बोलबाला असतो.

खुडणाऱ्या बायका

चहाच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा मजुरीचा. मुन्नारचे कामगार बहुतांशी तमिळ कुटुंबांतले, पिढ्यान्‌पिढ्या मळ्यात राहणारे. त्यांच्या चाळींना ‘लयम’ म्हणतात. १९५१ च्या मळा कामगार कायद्यानं घर, दवाखाना, पाळणाघर देणं मालकावर बंधनकारक केलं. याची दुसरी बाजू अशी की घर नोकरीला बांधलेलं असतं. नोकरी संपली की घरही सोडायचं. म्हणून एका तरी मुलीनं किंवा सुनेनं मळ्यात नाव लावावं, असा घराघरात आग्रह असतो.

सप्टेंबर २०१५ मध्ये केडीएचपीनं बोनस वीस टक्क्यांवरून दहावर आणला तेव्हा हजारो बायकांनी काम बंद करून रस्ता अडवला. स्थापित युनियनच्या पुढाऱ्यांना त्यांनी जवळ फिरकू दिलं नाही. ‘पेंबिळै ओरुमै’, म्हणजे बायकांची एकजूट, या नावानं ते आंदोलन ओळखलं जातं. अखेर बोनस आणि सानुग्रह रक्कम मिळून वीस टक्क्यांवर तडजोड झाली.

लयम कुठे आहेत हाही जमिनीचाच प्रश्न. ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री पेट्टिमुडी या मळ्यातल्या वस्तीत डोंगर कोसळून चार लयम गाडले गेले आणि सत्तर माणसं गेली. त्या मुसळधार पावसात वीज आणि फोन बंद होते, बातमी बाहेर पोहोचायलाच सकाळ उजाडली.

पावसाचा मुन्नारवरचा जुना घाव १९२४ चा. तेव्हा इथे रेल्वे होती: १९०२ मध्ये एकरुळी, बैलांनी ओढायची, आणि १९०८ पासून नॅरोगेजची वाफेची गाडी. चहा मुन्नारहून टॉप स्टेशनला जायचा, तिथून दोरवाटेनं खाली तमिळ मुलखात आणि पुढे बोडिनायकनूरला. त्या वर्षीच्या महापुरात ही रेल्वे वाहून गेली ती परत उभी राहिलीच नाही. टॉप स्टेशनवर स्टेशन शोधू नका.

जायचं असेल तर

कोचीहून साधारण १३० किलोमीटर, पण घाट आणि वळणांमुळे चार-पाच तास धरा. रेल्वेनं येणाऱ्यांना आलुवा सोयीचं. सुट्ट्यांच्या दिवसांत गावातून राजमलाकडे किंवा माट्टुपेट्टीकडे जाणारा रस्ता सकाळी नऊनंतर तुंबतो. रस्ता एकच, दोन्ही बाजूंना मळा, रुंद करायला जागा नाही. त्यामुळे साडेसातच्या आत निघणं हा एकच उपाय.

एराविकुलममध्ये खासगी गाडी आत जात नाही, वनखात्याच्या बसनं राजमलापर्यंत नेतात. तिकीट आधी ऑनलाइन काढलेलं बरं. निलगिरी ताहर या रानबकऱ्यांच्या विणीसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये उद्यान बंद असतं, आणि बरेच जण नेमके तेव्हाच जाऊन परततात. २,६९५ मीटरचं अनामुडी शिखर इथून दिसतं, पण त्यावर चढायची परवानगी सहसा मिळत नाही. नीलकुरिंजी बारा वर्षांतून एकदा सगळीकडे फुलते: २००६, २०१८, आणि आता २०३०. एरवी कुणी कुरिंजी दाखवतो म्हणाला तर ती दुसऱ्या जातीची किंवा तुरळक फुललेली.

कोलुक्कुमलै तमिळनाडूत आहे, पण गाडीरस्ता केरळातल्या सूर्यनेल्लीहून, तोही फक्त जीपचा आणि हाडं खिळखिळी करणारा. पाठीचं किंवा मानेचं दुखणं असेल तर सूर्योदयाचा मोह सोडा. तिथला जुना ऑर्थोडॉक्स कारखाना मात्र, वर लिहिलेली सगळी प्रक्रिया माहीत करून गेलात तर, बघण्यासारखा आहे. गावाजवळ नल्लतण्णीला केडीएचपीचं चहा संग्रहालय आहे, तिथे सीटीसीची छोटी यंत्रं चालताना बघायला मिळतात.

चहा विकत घेताना दुधाचा चहा पिणाऱ्यांनी महागडी लांब पानं घेऊ नयेत, दूध घालून उकळल्यावर त्यातलं काहीच उरत नाही. सीटीसीचा बारीक दाणा किंवा डस्ट घ्या. बिनदुधाचा प्यायचा असेल तर ऑर्थोडॉक्स, उकळतं पाणी ओतून तीन-चार मिनिटं. दाणा काळा-तपकिरी आणि तुकतुकीत असावा. करडा दिसला तर तो चाळताना जास्त घासला गेलाय किंवा जुना आहे. तळहातावर पसरून तंतू किती ते बघा. सुट्या चहात रंग मिसळलाय की नाही ते कळायला पांढऱ्या गाळणकागदावर चिमूटभर पसरून थोडं पाणी शिंपडा, चहा काढून कागद नळाखाली धरा आणि उजेडात बघा. रंगाचे डाग उमटले तर भेसळ. घरी आणल्यावर डबा घट्ट झाकणाचा हवा आणि मसाल्यांपासून लांब. मुन्नारहून परतताना वेलची आणि चहा एकाच पिशवीत भरतात, आणि आठवड्याभरात चहाला वेलचीचा वास लागलेला असतो.